‘ॲक्सेप्टर’ : एका इंग्रजी कर्तृवाचक नामाचा इतिहास

इंग्रजीतील क्रियापदांवरून सिद्ध झालेली कर्तृवाचक नामे बहुधा आपल्या क्रियापदामागे निमूटपणे चालतात, आणि त्यामुळे कोशकारही त्यांची बोळवण एखाद्या ओळीत करतात. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे. जो स्वीकारतो तो ‘ॲक्सेप्टर’. एवढ्यावर थांबले तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. परंतु हे नाव इंग्रजीत निरनिराळ्या काळी ज्यांना मिळाले त्यांची यादी मात्र विलक्षण आहे. माणसाचे तोंड पाहून न्याय देणारा न्यायाधीश, हुंडीवर सही करणारा व्यापारी, विद्युत्कण ओढून घेणारा अणू, आणि अखेरीस आरोग्यकेंद्राच्या नोंदवहीत ज्याच्या शस्त्रक्रियेची नोंद झाली असा स्त्री वा पुरुष, हे सारे ‘ॲक्सेप्टर’च होत. या सर्वांना एका मालिकेत पाहू गेल्यास एक प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो. हे नाव त्या व्यक्तीने स्वतःच्या कृतीने मिळविले, की दुसऱ्या कोणी तिच्यावर लिहिले? शब्दाच्या इतिहासातील महत्त्वाची वळणे याच प्रश्नाभोवती आहेत.

व्युत्पत्ती सरळ आहे. लॅटिन ‘अकिपेरे’ म्हणजे आपल्याकडे घेणे. ‘आद्’ हा उपसर्ग आणि ‘कापेरे’ म्हणजे पकडणे, हस्तगत करणे, हा धातू. त्याच्या भूतकालवाचक धातुसाधितास ‘-ओर’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘अक्केप्तोर’ हे रूप होते. येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये ससाण्याला ‘अकिपितेर’ असे नाव होते. त्याचा ‘घेणे’ या क्रियापदाशी वस्तुतः संबंध असो वा नसो, बोलीभाषेने तो जोडून टाकला आणि ससाण्यालाच ‘अक्केप्तोर’ म्हणू लागली. शुद्धलेखनाची काळजी वाहणाऱ्या व्याकरणकारांना हे रूप खटकले, तरी लोकांनी ते सोडले नाही. स्पॅनिशमधील ‘अथोर’ व पोर्तुगीजमधील ‘असोर’ ही पक्ष्याची नावे त्यातूनच आली. झडप घालून घेणारा तो स्वीकारणारा, ही लोकव्युत्पत्ती शास्त्रदृष्ट्या टिकणारी नसली तरी ‘घेणे’ या क्रियेत आक्रमणाचा जो अंश असतो तो तिने अचूक पकडला होता. इंग्रजीत आलेल्या शब्दात हा अंश उरला नाही. इंग्रजी ‘ॲक्सेप्टर’ झडप घालीत नाही. त्याच्यापुढे दुसऱ्याने काही तरी ठेवलेले असते.

इंग्रजीत या शब्दाचा आरंभीचा महत्त्वाचा उपयोग मात्र चांगल्या अर्थाने झालेला नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफ व त्याचे सहकारी यांच्या नावाने ओळखले जाणारे बायबलचे भाषांतर लॅटिनवरून झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात, कैसरिया नगरीतील कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्र असे उद्गार काढतो की, ईश्वर माणसामाणसांत भेद करीत नाही. लॅटिनमध्ये तेथे ‘व्यक्तींचा अक्केप्तोर नव्हे’ अशी शब्दयोजना आहे, आणि विक्लिफच्या भाषांतराने ती जशीच्या तशी इंग्रजीत आणली. याच्याही मागे जाता येते. मूळ ग्रीक शब्द ‘मुखे घेणारा’ असा आहे, आणि तो हिब्रूतील ‘मुख वर उचलणे’ या वाक्प्रचारावर बेतलेला आहे. पायाशी लोटांगण घातलेल्या याचकाचे मुख राजाने हाताने वर उचलावे म्हणजे त्याच्यावर कृपा झाली. राजाच्या बाबतीत जी कृपा तोच न्यायाधीशाच्या बाबतीत दोष, कारण त्याने मुख पाहावयाचे नसते. मराठीतील ‘भीडमुर्वत’ या जोडशब्दाने हा भाव जितका नेमका व्यक्त होतो तितका तो इंग्रजीत शब्दशः आणता येणे कठीण होते. पुढच्या भाषांतरकारांची ओढाताण त्याचीच साक्ष देते. टिंडलने १५२६ मध्ये हा लॅटिन सांगाडा टाकून देऊन सरळ ‘पक्षपाती’ या अर्थाचा शब्द घातला; १५६० च्या जिनीव्हा बायबलने ‘ॲक्सेप्टर’ पुन्हा आणला; आणि १६११ च्या राजाधिकृत भाषांतराने त्याच्या जागी ‘रिस्पेक्टर’ हा शब्द बसविला. याच भाषांतराचा प्रसार पुढे सर्वाधिक झाल्यामुळे ‘व्यक्तींचा ॲक्सेप्टर’ हा प्रयोग मागे पडला. शब्द जणू मोकळा झाला, आणि व्यापाऱ्यांनी तो आपलासा केला.

व्यापारी अर्थ समजून घेण्यासाठी विनिमयपत्राची रचना ध्यानी घ्यावयास हवी. एकाने दुसऱ्याला लिहावे की, अमुक मुदतीनंतर तिसऱ्याला इतकी रक्कम द्या. लिहिणारा एक, ज्याच्यावर लिहिले तो दुसरा, आणि रक्कम घेणारा तिसरा. या घटकेपर्यंत दुसऱ्यावर त्या कागदाचे कोणतेही बंधन नसते. त्याच्यावर कोणी काही लिहिले यात त्याचा काय दोष? त्याने त्या कागदावर आपली संमती नोंदविली म्हणजे मात्र सर्व पालटते. आतापर्यंत केवळ ‘ज्याच्यावर लिहिले तो’ असणारा मनुष्य मुख्य ऋणको होतो, लिहिणाऱ्याचे स्थान जामिनाचे उरते, आणि कायदा त्याला नवे नाव देतो. ते नाव म्हणजे ‘ॲक्सेप्टर’. आपल्याकडील १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या सातव्या कलमात हे स्थित्यंतर मोठ्या काटेकोरपणे सांगितले आहे. सही करणे पुरेसे नाही. सही करून तो कागद परत दिला पाहिजे, किंवा सही केल्याची सूचना धारकाला दिली पाहिजे, तेव्हाच तो ‘ॲक्सेप्टर’ म्हणविला जातो. माणसाचे नाव नेमके कोणत्या क्षणी बदलते हे सांगणारी अशी कलमे विधिग्रंथांत थोडीच असतील.

इंग्लंडमध्येही ही काटेकोर वृत्ती प्रथमपासून नव्हती. अठराव्या शतकात तोंडी स्वीकारही तेथे ग्राह्य मानला जाई. १८२१ च्या कायद्याने देशांतर्गत विनिमयपत्रांचा स्वीकार त्या पत्रावरच लेखी असावा असे ठरविले. १८५६ च्या कायद्याने सर्व विनिमयपत्रांना लेखनाबरोबर सहीचेही बंधन घातले. आणि १८८२ मध्ये या विषयावरील विधीची एकत्र संहिता झाली. भारतीय कायदा या संहितेच्या एक वर्ष आधीचा आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

स्वीकाराचे ओझे किती जड असते हे १७६२ मधील ‘प्राइस विरुद्ध नील’ या खटल्याने दाखवून दिले. सटन नावाच्या व्यापाऱ्याच्या सहीची प्रत्येकी ४० पौंडांची दोन विनिमयपत्रे प्राइसवर लिहिलेली होती. एकाची रक्कम त्याने चुकती केली, दुसरे स्वीकारून नंतर चुकते केले. दोन्ही बनावट निघाली. ती करणारा ली नावाचा इसम दुसऱ्या एका बनावट कागदापायी फाशी गेला. प्राइसने नीलकडे पैसे परत मागितले. नील निर्दोष होता. त्याने मोल देऊन ती पत्रे घेतली होती. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी प्राइसची मागणी फेटाळली. आपल्या नावे आलेला कागद खरोखर त्याच माणसाच्या हातचा आहे किंवा नाही याची खात्री करून घेणे हे प्राइसचेच काम होते, असा त्यांचा आशय. फसविला गेलेला मनुष्यही स्वीकारल्यानंतर ‘ॲक्सेप्टर’च राहतो. हा निर्णय आजच्या वाचकाला कठोर वाटेल. परंतु अनोळखी हातांतून फिरणाऱ्या कागदावर ज्या व्यापाराची इमारत उभी राहावयाची, तिला एवढा कठीण पाया आवश्यक होता.

मात्र ज्या विधीने स्वीकारणाऱ्याला इतके जखडून टाकले त्यानेच त्याला विचार करण्यास अवधीही दिला. अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये, ज्याच्यावर पत्र लिहिले आहे त्याने मागणी केल्यास धारकाने त्याला, सार्वजनिक सुटीचे दिवस वगळून, ४८ तास दिले पाहिजेत. मूळ कायद्यात ही मुदत २४ तासांची होती. १९२१ च्या दुरुस्तीने ती दुप्पट झाली.

मराठी वाचकाला यातील कोणतीही गोष्ट परकी वाटू नये. हुंडी ‘सकारणे’ हा आपला जुना पेठेतला शब्द आहे, आणि ‘नकारणे’ याच्या शेजारी तो ठेवला म्हणजे त्याची घडण आपोआप कळते. मुदती हुंडी प्रथम सकारून घ्यावी लागे; दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावयाचे असल्याने तेथे सकारणे आणि चुकती करणे जवळजवळ एकच. इंग्रजी विधीत ‘इभ्रतीखातर स्वीकारणारा’ असा एक ॲक्सेप्टर आहे. मूळ इसमाने पत्र नाकारल्यावर लिहिणाऱ्याची वा अन्य कोणाची पत राखण्यासाठी तो पुढे होतो. आपल्याकडे हेच काम जिकरी चिठ्ठीने साधत असे. हुंडी नकारली गेल्यास अमुक पेढीकडे जावे असे त्या चिठ्ठीत लिहिलेले असे. १८८१ च्या अधिनियमाने देशी भाषांतील लेखांविषयीचे स्थानिक परिपाठ पहिल्याच कलमात अबाधित ठेवले, ते या व्यवहाराची व्याप्ती ओळखूनच. दुर्दैवाने पुढील पारिभाषिक कोशांनी ‘सकारणारा’ हा तयार शब्द बाजूस सारून ‘स्वीकर्ता’ आणि ‘स्वीकारकर्ता’ हे शब्द पुढे केले. त्यात संस्कृताची शोभा असेल. पण ‘सकारणे’ या शब्दातील पैशाची जबाबदारी त्यांत उतरली नाही.

स्वीकार हा कोणाच्या कृतीने पूर्ण होतो याचा विचार धर्मशास्त्रातही झालेला आहे. मिताक्षरेच्या मते दानात दात्याच्या स्वत्वाची निवृत्ती आणि दुसऱ्याच्या स्वत्वाची उत्पत्ती या दोन गोष्टी असतात, आणि दुसरी गोष्ट घेणाऱ्याच्या स्वीकारावाचून होत नाही. हा स्वीकार मानसिक, वाचिक आणि कायिक असा त्रिविध. जीमूतवाहनाने याउलट दात्याच्या त्यागालाच महत्त्व दिले. म्हणजे एका मताने प्रतिग्रहीता हा कर्ता, दुसऱ्या मताने तो दानाचा केवळ विषय. ज्या प्रदेशात मिताक्षरा प्रमाण मानली गेली तेथील अभ्यासकाला ‘ॲक्सेप्टर’चा प्रश्न नवा नाही, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

कराराच्या विधीत हाच प्रश्न मौनाच्या रूपाने उपस्थित झाला. १८६२ मधील ‘फेल्टहाउस विरुद्ध बिंड्ली’ हा खटला विधीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. काकाने पुतण्याला घोड्याविषयी पत्र लिहिले की, उत्तर न आल्यास तो घोडा ३० पौंड १५ शिलिंगांस आपला झाला असे आपण समजू. पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याच्या मनात घोडा काकालाच द्यावयाचा होता, याबद्दल फारसा वाद नव्हता. लिलाव करणाऱ्याने तो चुकून विकला म्हणून काकाने दावा लावला, आणि तो हरला. उत्तर देण्याची सक्ती करून, आणि उत्तर न दिल्यास होकार धरून, कोणालाही दुसऱ्यावर करार लादता येत नाही. मनातला होकारसुद्धा व्यक्त झाल्याशिवाय पुतण्याला ‘ॲक्सेप्टर’ करू शकला नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्याने टपालाने पाठविलेल्या स्वीकाराबाबत इंग्रजी विधीहून निराळी वाट धरली. १८१८ च्या ‘ॲडम्स विरुद्ध लिंडसेल’पासून चालत आलेल्या इंग्रजी नियमानुसार पत्र टपालात पडताच दोघेही बांधले जातात, आपल्या चौथ्या व पाचव्या कलमांप्रमाणे पत्र टाकताच प्रस्ताव करणारा बांधला जातो, पण ॲक्सेप्टर मात्र ते पत्र समोरच्याला पोहोचेपर्यंत आपला स्वीकार मागे घेऊ शकतो. मन बदलण्याचा हा अवधी आपल्या विधिकारांनी त्याला बुद्धिपुरस्सर दिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ‘ॲक्सेप्टर’ होणे हाच काही घराण्यांचा धंदा होता. जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या मालावरील विनिमयपत्रे ही घराणी थोड्याशा दलालीवर स्वीकारीत. रोख पैसा नव्हे, आपले नाव उसने देत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे ३५ कोटी पौंडांची अशी पत्रे लंडनच्या बाजारात होती. परदेशी ऋणकोंकडून पैसा येणे बंद झाले, आणि सह्या मात्र लंडनच्या घराण्यांच्या होत्या. २ ऑगस्टच्या राजघोषणेने स्वीकृत पत्रांची मुदत महिनाभर पुढे ढकलली; त्या महिन्यातच बँक ऑफ इंग्लंडने सरकारच्या हमीवर ४ ऑगस्टपूर्वी स्वीकारलेली मान्य पत्रे धारकांवर उलट मागणी न ठेवता वटविण्याची तयारी दाखविली. धारक सुटला. ॲक्सेप्टर सुटला नाही. त्याला कर्ज देण्याची स्वतंत्र व्यवस्था सप्टेंबरमध्ये करावी लागली. स्वीकारणाऱ्या घराण्यांची समिती याच संकटात जन्मास आली.

यानंतर शब्दाचा मोर्चा विज्ञानाकडे वळला. रसायनशास्त्रात सिजविक यांनी १९२७ च्या आपल्या संयुजेवरील ग्रंथात विद्युत्कणांची जोडी देणाऱ्यास ‘डोनर’ व घेणाऱ्यास ‘ॲक्सेप्टर’ म्हटले. अर्धवाहकांच्या भौतिकीत जर्मेनियम वा सिलिकन यांत मिसळलेले बोरॉन, गॅलियम, इंडियम यांचे अणू हे ॲक्सेप्टर ठरले; शेजाऱ्यांपेक्षा त्यांच्यापाशी एक विद्युत्कण कमी असतो, आणि ती रिकामी जागा भरली जाते. मराठीत ‘दाता’ आणि ‘ग्राही’ ही जोडी रूढ झाली, आणि ती चांगली आहे. पण येथे संमती, सही, जबाबदारी यांचा प्रश्नच उरत नाही. ॲक्सेप्टर म्हणजे रिक्त स्थान. मोजता येण्याजोगे, सम, परस्परांहून अभिन्न. शब्दाचा हा निर्जीव अर्थ प्रयोगशाळेत निरुपद्रवी होता.

लोकसंख्याशास्त्रात हा शब्द विज्ञानातून आला असे म्हणता येणार नाही. तो सेवांच्या हिशेबातून आला. तैवानमधील ताइचुंग शहरात १९६३ मध्ये संततिनियमनाच्या प्रसाराचा मोठा प्रयोग झाला, आणि किती स्त्रियांनी साधन स्वीकारले यावर प्रयोगाचे यश मोजले गेले. त्याच सुमारास शेतीतील नव्या बियाण्यांच्या प्रसाराचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ शेतकऱ्याला ‘अडॉप्टर’, म्हणजे अंगीकार करणारा, म्हणत होते. हा भेद सूक्ष्म असला तरी क्षुल्लक नाही. अंगीकार करणारा अनेक गोष्टींतून एक निवडतो. ‘ॲक्सेप्टर’ या नावात देणारा कोणी तरी आधीच गृहीत धरलेला असतो. १९२१ मध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमन केंद्र काढले तेव्हा तेथे येणारी माणसे स्वतः वाट शोधीत येत. त्यांना काही देऊ करणारे शासन तेथे नव्हते.

भारतात शासकीय कार्यक्रम १९५२ पासूनचा, आणि संख्येची लक्ष्ये नेमून देण्याची पद्धती १९६० नंतरच्या दशकातली. जुलै १९७१ मध्ये केरळातील एर्नाकुलमच्या शिबिरात ६३,४१८ पुरुषांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. रोख रक्कम आणि वस्तू यांचे आमिष होते. एप्रिल १९७६ च्या लोकसंख्या धोरणाने मोबदल्याचे दर ठरविले. दोन वा कमी अपत्ये असणाऱ्यास १५० रुपये, तीन असणाऱ्यास १००, आणि चार वा अधिक असणाऱ्यास ७०. आणीबाणीच्या त्या वर्षात, म्हणजे १९७६-७७ मध्ये, लक्ष्य ४३ लाखांचे होते आणि शस्त्रक्रिया सुमारे ८२.६ लाख झाल्या. आदल्या वर्षीचा आकडा सुमारे २६.७ लाख, आणि पुढल्या वर्षीचा साडेनऊ लाखांच्या आसपास. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. हरियाणातील उत्तावड गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना पकडून नेले. शाह आयोगापुढे आलेल्या माहितीत अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारी आहेत, आणि या शस्त्रक्रियांशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आहे.

शासकीय तक्त्यांत हे सर्वजण ‘ॲक्सेप्टर’ या एकाच रकान्यात आहेत. स्वेच्छेने आलेला, पगार थांबेल या भीतीने आलेला, आणि धरून आणलेला, असा भेद तक्ता करीत नाही. त्याला तो करताही येत नाही, कारण रकाना भरणारा स्वीकार करणाऱ्याहून वेगळा आहे आणि त्याच्यावरही लक्ष्यपूर्तीची सक्ती आहे. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ‘ॲक्सेप्टर’ हा शब्द नव्हताच. ते ‘केस’ म्हणत. केस आणावयाची, केसेस पूर्ण करावयाच्या. दप्तरातील सभ्य शब्दापेक्षा हा ओबडधोबड शब्द अधिक प्रामाणिक होता असे म्हणणे भाग आहे.

या कालखंडावर काम करणाऱ्या संशोधकाने म्हणूनच दोन प्रकारच्या आकड्यांची गल्लत टाळावयास हवी. सेवा-अहवालातील ‘ॲक्सेप्टर’ ही एका दिवशी घडलेल्या घटनेची नोंद असते आणि तिचा वक्ता कर्मचारी असतो. १९९२-९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांतील ‘साधन वापरणारी’ ही स्थितीची नोंद असते, आणि तिचा आधार त्या स्त्रीने स्वतः दिलेले उत्तर हा असतो. पहिल्या प्रकारच्या आकड्यांची बेरीज करून दुसऱ्या प्रकारचे अनुमान काढणे हे केवळ सांख्यिकीच्या दृष्टीनेच सदोष नाही. त्यात एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातले जाते. फेल्टहाउसच्या पुतण्याला जे संरक्षण मिळाले ते येथे कोणी मागितलेही नाही.

१९९६ च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने लक्ष्ये नेमून देण्याची पद्धती सोडली, तरी शिबिरे राहिली. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यातील एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यावरून दाखल झालेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी दिला आणि तीन वर्षांत शिबिरे बंद व्हावीत असा निर्देश केला. त्याच निकालात असेही सांगितले आहे की, शस्त्रक्रियेपूर्वीची माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत समजावून द्यावी, आणि तिला मन बदलावेसे वाटल्यास ते बदलता यावे म्हणून विचार करण्यास अवधी द्यावा. ४० रुपयांची हुंडी पुढे आलेल्या व्यापाऱ्याला ४८ तास मिळतात. येथे न्यायालयाने सांगितलेला अवधी सुमारे एक तासाचा आहे.